गज आणि गळा : गजाननबुवा जोशी यांच्या व्हायोलिनवादनाचा व अध्यापनाचा विचार

१

गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्याच्या वादकाची स्तुती करावयाची झाली म्हणजे मराठी रसिक आणि समीक्षक हे दोघेही बहुधा एकच वाक्य उच्चारतात : वाद्य गाऊ लागले. वाक्य गोड आहे, आणि बोलणाऱ्याचा हेतूही शुद्ध असतो. परंतु शास्त्रीय विवेचनात असे वाक्य तपासल्यावाचून स्वीकारता येत नाही. गाण्यात शब्द असतात, वाद्यात ते नसतात. गाणाऱ्याला श्वासाची मर्यादा असते, वादकाला गजाच्या लांबीची. मग वाद्य गाते म्हणजे ते नेमके काय करते? आणि गाण्याची हुबेहूब नक्कल करणे एवढाच जर वाद्याचा पुरुषार्थ असेल, तर प्रत्यक्ष गवई समोर असताना श्रोत्याने वाद्याकडे वळावेच कशासाठी?

हा प्रश्न नवा नाही. नांदगाव खंडेश्वर येथील हेमाडपंती खंडेश्वर मंदिर ज्या यादवकाळाची साक्ष देते, त्याच काळात, तेराव्या शतकात, देवगिरी येथे सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. गीत, वाद्य आणि नृत्त ह्या त्रयीला संगीत म्हणावे, आणि त्यांत नृत्त हे वाद्याच्या मागून व वाद्य हे गीताच्या मागून चालते, म्हणून गीत प्रधान होय, अशी व्यवस्था ह्या ग्रंथात लावलेली आहे. वाद्याने गीताच्या मागून चालावे हा सिद्धांत तेव्हापासून जवळजवळ निर्विवाद मानला गेला. मात्र ‘मागून चालणे’ म्हणजे काय, ह्याचा निर्णय सिद्धांताने होत नाही. तो एखाद्या कलावंताच्या आयुष्यात करून पाहावा लागतो.

गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) ह्यांचे आयुष्य अशा कसोटीचे आहे. ते व्हायोलिनवादक होते आणि त्याच तोलाचे ख्यालगायकही होते. दोन्ही भूमिका एकाच देहात नांदत असल्यामुळे, गाता येत नाही म्हणून वाजविले असे त्यांच्याविषयी म्हणता येत नाही; आणि वाजविता येत होते म्हणून गाणे सोडले असेही म्हणता येत नाही. त्यांच्या वादनाचे मर्म व त्यांच्या अध्यापनाचे फळ ह्या दोहोंचा संबंध काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

गजाननबुवांचा जन्म ३० जानेवारी १९११ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे संगीताच्या जगात परिचित असलेले अंतुबुवा, हे औंध संस्थानचे दरबारगायक आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांचे शिष्य. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविली आणि त्यांच्या शिष्यांनी, ज्यांत विष्णु दिगंबर पलुसकर हे एक, ती सर्वदूर नेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. अंतुबुवांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९७२ साली तोच सन्मान गजाननबुवांना लाभला. पितापुत्रांच्या ह्या दोन सन्मानांमधील सतरा वर्षांत महाराष्ट्रातील संगीताचा आश्रय संस्थानिकांकडून आकाशवाणीकडे आणि संगीतमंडळांकडे पूर्णपणे आलेला होता. दरबारी गायकाच्या घरी वाढलेल्या मुलाने रेडिओच्या युगात आपले मोठे काम करावे, हा योग त्या संक्रमणाचाच भाग होय.

वडिलांकडून ग्वाल्हेरची तालीम मिळाल्यावर गजाननबुवांनी रामकृष्णबुवा वझे, जयपूर-अत्रौली घराण्याचे भूर्जीखाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेनखाँ ह्यांच्याकडेही विद्या घेतली. भूर्जीखाँ हे अल्लादियाखाँचे पुत्र. १९५० मध्ये निवर्तेपर्यंत कोल्हापुरात त्यांनी आपल्या वडिलांची अवघड गायकी निवडक शिष्यांना दिली. विलायत हुसेनखाँ हे ‘प्राणपिया’ ह्या नावाने बंदिशी रचणारे आणि आग्रा परंपरेच्या बंदिशींचे मोठे भांडार बाळगणारे गायक. एका घराण्याची तालीम पुरी झालेल्या गायकाने दुसऱ्या घराण्याकडे जाणे हे त्या पिढीत सहज घडणारे नव्हते. घराणे हा तेव्हा केवळ शैलीचा भेद नव्हता, तो कुळाचाराचा भेद होता. तरीही गजाननबुवा गेले, आणि एकाचे दुसऱ्यात न मिसळता तिन्ही आपल्याजवळ ठेवून राहिले. ह्या एका गोष्टीकडे पुढे वळावयाचे आहे.

व्हायोलिनच्या बाबतीत मात्र त्यांच्यासमोर कोणतेही घराणे नव्हते. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर ह्यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, व्हायोलिन हे कर्नाटक संगीताचे जणू जन्मजात वाद्य झाले. उत्तरेकडील संगीतात ही जागा सारंगीने व पुढे पेटीने अडविलेली होती. अल्लाउद्दीनखाँसारखे थोर कलावंत व्हायोलिन वाजवीत, पण त्यावरून एखादी स्थिर वादनपरंपरा निर्माण झालेली नव्हती. सतारीला जशा ठरीव गती, तसे व्हायोलिनला स्वतःचे वाङ्मय नव्हते. गजाननबुवांनी ते ख्यालाकडून घेतले. ही निवड नाइलाजाची होती की विचाराची, ह्याचे उत्तर त्यांच्या वादनाच्या घडणीतच शोधावे लागते.

३

वाद्याच्या आगमनाबरोबर शब्दही येतात, आणि ते कसे येतात हे पाहणे उद्बोधक ठरते. मराठीत ह्या वाद्याला जुन्या पिढीत ‘फिडल’ म्हणत. पुढे ‘व्हायोलिन’ हे नाव रूढ झाले. म्हणजे समग्र वस्तूचे नाव परके राहिले. परंतु तिच्या अवयवांची नावे मात्र घरचीच झाली : गज, घोडी, खुंटी, तार. हे शब्द सारंगीतंबोऱ्याच्या परिवारातले. भाषाशास्त्रात ही प्रक्रिया परिचित आहे. ‘रेल्वे’ परकी राहते, पण तिचे रूळ आणि डबे मराठी होतात. परकी वस्तू ज्या ठिकाणी हाताळली जाते त्या ठिकाणी ती प्रथम घरची होते.

उलट दिशेचे उदाहरण वऱ्हाडाच्या शेजारीच आहे. ‘संगीतरत्नाकरा’त वर्णिलेली किन्नरी ही भोपळ्यांची, पडदे असलेली, बोटांनी छेडावयाची वीणा होय. यवतमाळ व चंद्रपूर ह्या भागांत राजगोंडांचे भाट असलेले प्रधान जे ‘किंगरी’ नावाचे वाद्य घेऊन कुलकथा गातात, ते मात्र गजाने वाजते. येथे नाव टिकले आणि वस्तू पालटली. व्हायोलिनच्या बाबतीत वस्तू तीच राहिली आणि वाजविण्याचा संस्कार पालटला. युरोपात ते उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवितात. येथे वादक बैठक मारून बसतो, तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावतो, आणि डावा हात वर-खाली विनासायास सरकू शकेल अशा रीतीने वाद्य टेकवितो. डाव्या हाताची ही मोकळीक मींडेसाठी आवश्यक असते. वाद्याला पडदे नाहीत. त्यामुळे दोन स्वरांच्या मधली सारी वाट त्यावर चालता येते. पेटीला नेमके हेच साधत नाही, आणि १९४० ते १९७१ ह्या काळात आकाशवाणीने पेटीला बंदी घातली तेव्हा मुख्य आक्षेप हाच होता. त्या तीन दशकांत सारंगी आणि व्हायोलिन ह्यांना रेडिओवर जी जागा मिळाली तिचे एक कारण ह्या बंदीत आहे. नागपूरचे केंद्र १९४८ साली सुरू झाले ते ह्याच काळात.

येथे युरोपीय संगीताशी थोडी तुलना उपयुक्त होईल. व्हायोलिनच्या कुळातील चेलो हे वाद्य मनुष्याच्या आवाजाला सर्वांत जवळचे मानले जाते. त्याचा पल्ला पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या आवाजापर्यंत पोहोचतो. विसाव्या शतकातील ह्या वाद्याचा सर्वश्रेष्ठ वादक व शिक्षक म्हणून कातालोनियाच्या पाब्लो कॅसाल्स (१८७६–१९७३) ह्यांचे नाव घेतात. त्यांच्या लहानपणी चेलोच्या विद्यार्थ्याला उजव्या काखेत पुस्तक धरून गज चालविण्यास शिकवीत, जेणेकरून कोपर अंगाला चिकटून राहावे. कॅसाल्सनी तो हात मोकळा केला. बाखच्या चेलोसाठी रचलेल्या सहा संचांची छापील प्रत त्यांना १८९० साली बार्सिलोनाच्या एका दुकानात मिळाली. त्यांवर त्यांनी अनेक वर्षे एकांतात अभ्यास केला आणि १९३६ ते १९३९ ह्या काळात ते संच ध्वनिमुद्रित केले. त्याआधी ज्यांच्याकडे बहुतेक अभ्यासाचे पाठ म्हणून पाहिले जात असे, त्या रचना त्यांच्यामुळे मैफलीच्या झाल्या.

गजाननबुवा आणि कॅसाल्स ह्यांच्यात साम्य आहे ते हात मोकळा करण्याचे. भेद आहे तो संहितेचा. कॅसाल्सच्या हाती कागद होता. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो वाट पाहत थांबू शकला. गजाननबुवांची संहिता गुरूंच्या गळ्यांत होती. ती मिळविण्यासाठी प्रथम स्वतःच्या गळ्यावर चढविणे भाग होते. म्हणून हिंदुस्थानी व्हायोलिनवादकाच्या दृष्टीने गाणे शिकणे ही वादनाची पूर्वतयारी नसून वादनाची संहिता हस्तगत करण्याचा तोच एक मार्ग आहे. ‘वाद्य गीताच्या मागून चालते’ ह्या वचनाचा पहिला अर्थ हा असा घ्यावयास हवा : वाद्याने गीताचे ज्ञान मागावे. नक्कल हा त्याचा अर्थ नव्हे.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शब्द गेल्यावर ख्यालातले काय उरते?

बोलण्यात स्वर अखंड वाहतो आणि व्यंजने त्याला ठिकठिकाणी अडवितात. त्या अडवणुकीतून अक्षरे निर्माण होतात. गाण्यात स्वर लांबतो, म्हणून अडवणूक विरळ होते. परंतु ती नाहीशी होत नाही. बंदिशीचा मुखडा समेवर येतो तेव्हा सम एखाद्या विशिष्ट अक्षरावर पडते, आणि त्या अक्षराचा आघात श्रोत्याच्या कानात घर करून राहतो. व्हायोलिनवर ‘क’ आणि ‘म’ ह्यांत भेद दाखविता येत नाही. तेवढे वाद्य मुकेच आहे. परंतु एक अक्षर संपून दुसरे सुरू झाले, हे दाखविता येते. अक्षर लघु की गुरु, हे दाखविता येते. आघात कोठे आहे, हेही दाखविता येते. ही तिन्ही कामे गज करतो. गजाची दिशा पालटली की तेथे अक्षराची सीमा उमटते.

अडचण अशी की, गजाला लांबीची मर्यादा असल्यामुळे त्याची दिशा पालटणे अटळ आहे. तिलवाड्यासारख्या विलंबित तालाच्या एका आवर्तनात ती अनेकदा पालटावी लागते. तेव्हा प्रत्येक पालट जर ऐकू आला, तर लांब आकार तुटक होईल. आणि एकही पालट ऐकू आला नाही, तर बंदिशीची अक्षरे वाहून जातील. म्हणून वादकाजवळ गजाचे दोन पालट असावे लागतात : एक श्राव्य, जो व्यंजनाचे काम करतो, दुसरा अश्राव्य, जो स्वर चालू ठेवतो. कोठे कोणता वापरावा, हे ज्याला बंदिशीचे शब्द मुखोद्गत आहेत त्यालाच कळते. गायकी अंगाचे सारे रहस्य ह्या एका विवेकात आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गजाननबुवांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण ऐकताना, बंदिश ओळखीची असेल तर शब्द मनात आपोआप उमटू लागतात, ते ह्याच कारणाने. वाद्य शब्द उच्चारीत नाही. ते शब्दांचा सांगाडा उभा करते आणि रक्तमांस श्रोता पुरवितो.

कॅनरी बेटांपैकी गोमेरा बेटावर दऱ्याखोऱ्यांच्या पलीकडे निरोप पोहोचविण्यासाठी स्पॅनिश भाषा शिटीने बोलतात. शिटीत बहुतेक ध्वनिभेद लोपतात. तरीही निरोप समजतो, कारण ऐकणाऱ्याला ती भाषा आधीच येत असते. व्हायोलिनवरील ख्यालाची स्थिती अशीच आहे. तो अज्ञ श्रोत्याला सुरेल वाटेल. जाणत्याला तो अर्थपूर्ण वाटतो. ह्यात वाद्याचा कमीपणा नाही, परंतु त्याची एक अट मात्र आहे, आणि ती अट समीक्षकाने लपवू नये.

ह्या दृष्टीने तिन्ही घराण्यांकडे पाहिले असता असे दिसते की, वाद्यावर त्यांचे भाषांतर सारख्याच सुलभतेने होत नाही. जयपूरची गायकी आकाराच्या सलग विस्तारावर आणि आवर्तन व्यापणाऱ्या पेचदार तानेवर उभी आहे; शब्दांचा आधार ती तुलनेने कमी घेते. म्हणून तिचा मोठा भाग गजावर अबाधित उतरतो. अडचण येते ती केवळ बोटांची. ग्वाल्हेरची गायकी बंदिशीचे स्थायी-अंतरे स्पष्टपणे मांडून त्यांभोवती अष्टांगांनी फिरते. तेथे सांगाडा भक्कम असल्यामुळे वाद्याला वाट सापडते. खरी कसोटी आग्र्याची. बोलबाट म्हणजे बंदिशीचे शब्द तोडून, मागेपुढे सरकवून लयीशी केलेला खेळ. शब्दच नसतील तर खेळ कशाशी करावयाचा? येथे लघु-गुरूंचा आणि आघातांचा हिशोबच काय तो उरतो. गजाननबुवांच्या लयकारीचा जो लौकिक आहे त्याचा अर्थ ह्या संदर्भात घेतला पाहिजे. लय हा त्यांच्या वादनात अलंकार नव्हता. शब्द गेल्यावर अर्थ राखून ठेवण्याचे ते साधन होते.

म्हणजे व्हायोलिन हे त्यांच्या हाती गायकीच्या परीक्षेचे साधन ठरते. शब्दाचा मोह आणि आवाजाच्या जातीचा मोह हे दोन्ही बाजूला काढल्यावर घराण्याघराण्यांत जो भेद शिल्लक राहतो, तो त्यांच्या बांधणीचा भेद. हा भेद गाणाऱ्याला जाणवतोच, पण जो गातो आणि वाजवितोही, त्याला तो दुप्पट स्पष्टपणे जाणवण्याचा संभव असतो. आरंभीच्या प्रश्नाला येथे एक उत्तर मिळते. गवई समोर असताना वाद्य ऐकावे, ते गायकीची हाडे दिसावीत म्हणून.

५

हाच धागा त्यांच्या अध्यापनापर्यंत जातो. अनेक घराण्यांची विद्या घेतलेल्या गायकासमोर दोन मार्ग असतात. एक, सर्वांतले रुचेल ते निवडून आपली एक मिश्र शैली घडविणे. दुसरा, प्रत्येक विद्या तिच्या व्याकरणासह अलग राखणे. पहिल्या मार्गाने मोठे कलावंत घडले आहेत आणि त्याची निंदा करण्याचे कारण नाही. गजाननबुवा दुसऱ्या मार्गाने गेले. हा मार्ग स्वतः गाणाऱ्याच्या दृष्टीने कमी मोबदल्याचा आहे, कारण त्यातून ‘हे अमुकांचे गाणे’ अशी चटकन ओळखू येणारी मुद्रा उमटत नाही. परंतु शिकविणाऱ्याच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. मिश्रण एकदा झाल्यावर त्यातून घटक वेगळे काढून शिष्याला देता येत नाहीत.

वऱ्हाडातील विद्यार्थ्याला ह्या भेदाचा अनुभव घरबसल्या येतो. तो घरी ‘मले’ म्हणतो, वर्गात ‘मला’ म्हणतो. गल्लीत ‘काऊन’ विचारतो, निबंधात ‘का’ लिहितो. दोन्ही बोलींचे व्याकरण त्याच्या ठायी पूर्ण असते, आणि प्रसंग पाहून तो एकीतून दुसरीत जातो. ह्याला मिश्रभाषा म्हणत नाहीत. हे द्विभाषित्व होय. गजाननबुवांचे गाणे हे ह्या अर्थी त्रिभाषिक होते.

ह्याहून जवळचा दाखला अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा आहे. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा केल्या त्या एकेका जाणत्या व्यक्तीला विचारून. एकाच लीळेविषयी दोघांचे कथन जुळले नाही तर दोन्ही पाठ निरनिराळे नोंदवून ठेवण्याची आणि अशा पाठाला ‘वासना’ म्हणण्याची रीत महानुभाव परंपरेत दिसते. दोन कथने एकत्र करून तिसरे सोयीचे कथन रचण्याचा मोह त्या मंडळींनी टाळला. मौखिक परंपरेविषयीची ही निष्ठा आणि ख्यालाच्या बंदिशी ज्या घराण्याच्या त्या घराण्याच्या ढंगाने राखण्याची गजाननबुवांची निष्ठा ह्या एकाच जातीच्या आहेत.

फळावरून वृक्षाची पारख करावयाची तर त्यांच्या शिष्यवर्गाकडे पाहावे. गोव्यातील श्रीधर पार्सेकर ह्यांनी व्हायोलिन त्यांच्यापासून घेतले. गायकांत उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, शुभदा पराडकर आणि काही काळ त्यांच्याकडे शिकलेल्या वीणा सहस्रबुद्धे ही नावे सर्वपरिचित आहेत. ह्यांपैकी कशाळकर बंधू यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे; दोघांनीही राजाभाऊ कोगजे ह्यांच्याकडे शिक्षण घेतले आणि पुढे दोघेही गजाननबुवांकडे आले. परंतु त्यांचे गाणे एकमेकांसारखे नाही. थोरले अरुण कशाळकर हे मुख्यतः आग्रा शैलीचे गायक म्हणून ओळखले गेले. त्यांनी बबनराव हळदणकर ह्यांच्याकडूनही ती विद्या घेतली. १९५५ साली जन्मलेले उल्हास कशाळकर हे ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर ह्या तिन्ही शैली राग आणि बंदिश पाहून अलग अलग मांडण्यासाठी प्रसिद्ध आहेत. कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून त्यांनी ही विद्या पुढील पिढीस दिली. एका घरातून, एका गुरूकडे गेलेल्या दोन भावांचे गाणे दोन दिशांनी वाढावे, हे गुरूजवळचे भांडार मिश्र नव्हते ह्याचे प्रमाण आहे. मिश्र असते तर दोघांनाही तेच मिश्रण मिळाले असते.

कॅसाल्सच्या अध्यापनाविषयी त्यांचे शिष्य बर्नार्ड ग्रीनहाउस एक आठवण सांगत. १९४६ च्या सुमारास कॅसाल्सनी त्यांच्याकडून बाखचा एक संच गजाच्या व बोटांच्या प्रत्येक हालचालीसह स्वतःबरहुकूम बसवून घेतला. प्रतिकृती अगदी तंतोतंत झाली तेव्हा कॅसाल्सनी स्वतः तोच संच सर्वस्वी निराळ्या गजांनी आणि निराळ्या बोटांनी वाजवून दाखविला. ह्या धड्याचे तात्पर्य आपल्या गुरुशिष्यपरंपरेला परके नाही : नकलेपर्यंत पोहोचल्यावाचून नकलेच्या पलीकडे जाता येत नाही. परंतु कॅसाल्सच्या शिष्याला पलीकडे जाण्यासाठी आधार होता तो छापील कागदाचा. तो कागद गुरू आणि शिष्य दोघांच्याही बाहेर राहतो. आपल्याकडे असा त्रयस्थ कागद नाही; म्हणून ते त्रयस्थपण गुरूनेच आपल्या ठायी बाळगावे लागते. तीन घराण्यांची विद्या अलग राखणारा गुरू शिष्याला नेमके हेच देतो. ‘हे असे आहे’ एवढेच न सांगता ‘हे तेथे असे आहे आणि येथे तसे’ असे तो सांगतो. तुलना करता आली की शिष्य गुरूच्या नकलेतून मोकळा होतो.

६

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, वाद्याला गीताचे अनुयायी ठरविल्याने वाद्याची स्वतंत्र वाढ खुंटते. व्हि. गो. जोग ह्यांच्यासारख्या श्रेष्ठ व्हायोलिनवादकाने तंतकारीची अंगे आपल्या वादनात आणली आणि वाद्याची क्षमता वाढविली, ही गोष्ट ह्या आक्षेपाला बळ देते. आक्षेपात तथ्य आहे. शब्दांच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या वादनाला जाणत्या श्रोत्याची अट असते हे वर मान्य केलेच आहे. ज्या पिढीला बंदिशी मुखोद्गत नाहीत तिच्यासमोर असे वादन अर्धेच पोहोचेल. तरीही एन्. राजम् ह्यांनी ओंकारनाथ ठाकूरांच्या तालमीतून गायकी अंगाचा जो विस्तार केला तो पाहता ही वाट बंद झालेली नाही, असेच म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. गजाननबुवांचे नाव आज घेतले जाते ते बव्हंशी गायक शिष्यांमुळे. व्हायोलिनची त्यांची परंपरा त्या मानाने क्षीण राहिली. मग वादक म्हणून त्यांचे कार्य वाया गेले असे समजावे काय? गुरूच्या कार्याची मोजणी केवळ वारसांच्या संख्येने केली तर तसे वाटेल. परंतु वर मांडलेला संबंध मान्य केला, तर ही मोजणीच चुकीची ठरते. गजाने जे शिकविले ते गळ्यातून पुढे गेले. शब्दावाचून घराण्यांची बांधणी ओळखण्याचा सराव ज्या कानाला झालेला आहे, तोच कान तीन बांधण्या एकमेकींत मिसळू न देता शिष्यांच्या हवाली करू शकतो. त्यांच्या शिष्यांच्या गाण्यातील शैलींचा निर्मळ भेद हाच त्यांच्या व्हायोलिनचा वारसा होय, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

२८ जून १९८७ रोजी डोंबिवली येथे गजाननबुवांचे निधन झाले. शार्ङ्गदेवाने वाद्याला गीताच्या मागे चालावयास सांगितले. गजाननबुवांच्या बाबतीत वाद्य मागून चालले हे खरे. परंतु मागून चालणाऱ्यालाच पुढच्याची चाल नीट दिसते. ती चाल त्यांनी पाहिली, ओळखली आणि पांढरकवड्याहून आलेल्या मुलांना चालून दाखविली. त्या शिष्यांचे गाणे ज्याने लक्षपूर्वक ऐकले असेल, त्याला त्यात गजाचा तो अश्राव्य पालट कोठे कोठे ऐकू आल्यावाचून राहणार नाही.